राहून राह्यले

“लेकराचा दम मोजू नोका, बाई. मोजलेलं कमी होते.”

बायनाबाईंनी हे मला अहेरीत सांगितलं, माझ्या तान्ह्या उपूला मांडीवर पालथी घालून तिच्या पाठीत तेल जिरवताना, आणि मी ते हसण्यावारी नेलं. मोठ्यानं हसले नाही, तेवढी रीत मला होती. पण मनातल्या मनात नागपूरच्या कॉलेजातली भौतिकशास्त्राची पदवी एकदा झटकून घेतली आणि म्हणाले, “मोजल्यानं कसं कमी होईल, बायनाबाई? आभाळातल्या चांदण्या मोजल्या तर कमी होतात का?” त्यांनी उपूला उताणी केलं, तिच्या पोटावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, “चांदन्या कोणाच्या मोजून झाल्या हायेत आजवर?” उपू तेवढ्यात खुदकन हसली, जणू दोघींपैकी एकीची बाजू तिनं घेतली. कुणाची, ते मला तेव्हा कळलं नाही. त्या दिवशी मी तिचा श्वास नेहमीसारखा तीनदा मोजला आणि वहीत लिहून ठेवला.

आज हे आठवायचं कारण म्हणजे सकाळी अकराच्या सुमाराला पोस्टमननं आणून टाकलेलं जाडजूड पाकीट. चंद्रपूरला आता आम्ही तुकूममध्ये राहतो. खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, दोरीवर वाळत घातलेल्या परकरावर दुपारपर्यंत कोळशाची बारीक भुकटी बसते, आणि कपडे घेताना ते आधी झटकायचे, मग घडी करायची, हे आता माझ्या अंगवळणी पडलंय. पाकीट हातात घेतलं तेव्हाही मी ते आधी झटकलं. माझीच कादंबरी परत आली होती. पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांनी वर पत्र जोडलं होतं, आणि पत्र चांगलं होतं, खरंच चांगलं. ‘विज्ञानाचा भाग भक्कम आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या अवकाशयानातलं जगणं आपण घरगुती नजरेनं पाहता, हे नवीन वाटलं. क्रमशः छापण्याचा विचार आहे. मात्र दोन दुरुस्त्या कराव्यात. एक, शीर्षकातील व अन्यत्र आलेली अशुद्ध क्रियापदे. दोन, पृष्ठ १६२. यानात नियमाने सहाशे माणसे असतात. सातव्या पिढीच्या शिरगणतीतही आपण सहाशेच सांगता. पण त्याच रात्रीच्या पंगतीत सहाशे वीस ताटे वाढली जातात. बेरीज वीसने चुकते आहे.’

मी पान १६२ उघडलं. माझं अक्षर. सहाशे वीस. अंकी नाही, अक्षरी, सावकाश लिहिलेलं. अख्ख्या कादंबरीत मी प्रत्येक आकडा तीन तीनदा तपासलाय. हवा किती लागेल, पाणी किती वेळा फिरेल, भाताचं बी किती पिढ्या उगवेल, सगळं. आणि इथं हातानं आपल्या मनानं वीस माणसं जास्तीची जेवायला बसवली आणि मला कळलंही नाही. मागे उपू न्हाणीच्या दारात तांब्यानं पाणी ओतत बसली होती. त्या तांब्याकडे माझं लक्ष गेलं. ती वीस माणसं कुठून आली ते मला कळलं.

कादंबरी मी अहेरीत लिहायला घेतली, उपू पोटात असताना. माझे यजमान हरिदास तेव्हा तिकडच्या रस्त्यांवर मोऱ्या, म्हणजे लहान पूल, बांधत होते, दिवस दिवस मुलचेऱ्याच्या बाजूला असायचे, आणि मी दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एका दोनशे पानी वहीसमोर. भोवती सागाचं रान, शुक्रवारचा बाजार सोडला तर माणसांचा आवाज कमीच, आणि रोजचं जग इतकं आपल्यापुरतं, इतकं पूर्ण, की एका बंद जहाजाची कल्पना सुचायला मला कुठं लांब जावंच लागलं नाही. जहाज म्हणजे एक मोठं चाक. मध्यापासून कडेपर्यंत दोनशे चोवीस मीटर, मिनिटाला दोन फेरे. तेवढं फिरवलं की कडेवर उभ्या माणसाला पृथ्वीवर उभं असल्यासारखं वजन येतं. हे मी स्वतः काढलं आणि हरिदासांनी मोरीच्या अंदाजपत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर पुन्हा काढून बघितलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण या चाकाचं टेंडर कुणी भरलं? आमच्यापैकी कुणी असलं तर दोनशे पंधरा वर्षं नको धरू, चारशे धर.” प्रकाशाच्या वेगाच्या पन्नासाव्या भागानं, सगळ्यांत जवळच्या सूर्यापर्यंत, दोनशे पंधरा वर्षं. चढणारे पोचत नाहीत, पोचणारे चढलेले नसतात. आणि मधले? मला सगळी काळजी मधल्यांची होती. चाक फिरत असल्यामुळे त्या जहाजात कमरेच्या उंचीवरून ओतलेलं पाणी सरळ खाली पडत नाही, तीन बोटं बाजूला पडतं. तिथं जन्मलेल्या मुलांना वाटतं पाणी असंच पडतं. आया लेकराला न्हाऊ घालताना तांब्या तीन बोटं अलीकडे धरतात, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. हे वाक्य लिहिलं त्या दिवशी मी फार खूश होते. नंतर उपू झाली, आणि बायनाबाई तिला न्हाऊ घालायला यायला लागल्या, आणि मी त्यांच्या तांब्याकडे बघत बसायचे.

तांब्या त्यांचा स्वतःचा होता. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवरचे बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे फोटो पाहिले, “बरं, बरं,” म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून प्यायच्या पाण्याचा आपला तांब्या घेऊन यायला लागल्या. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. पावसाळ्यात कधी तरी तो तांब्या संध्याकाळी परत जायचा विसरला. मग आमच्याच फळीवर राहू लागला, आमच्याच माठात बुडू लागला, आणि उपूच्या डोक्यावर पाणीही त्यानंच पडू लागलं.  बायनाबाई पन्नाशीच्या असाव्यात, नक्की त्यांनाही ठाऊक नव्हतं. उजव्या अंगठ्याला विळ्यानं कापल्याची जुनी खूण होती, नवरा वारलेला, घरचं एक तुकडा धानाचं शेत, आणि मला दिवसभर बडबडायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून एकदा मी त्यांना माझ्या जहाजाची गोष्ट सांगितली.

“कुठी जाऊन राह्यले थे लोकं?” त्यांनी विचारलं.

“दुसऱ्या सूर्याकडे.”

“कवा पोचतीन?”

“दोनशे पंधरा वर्षांनी.”

“म्हंजे नाई पोचत.”

“ते नाही, त्यांची नातवंडं-पतवंडं पोचतील. म्हणून तर ते चाललेत.”

बायनाबाईंनी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. “तिथी सैपाक करतेत का?”

“करतात.”

“लग्न? पोरं-बाळं? भांडनं?”

“सगळं.”

“मंग थे जाऊन नाई राह्यले, बाई,” त्या म्हणाल्या. “थे राहून राह्यले.”

आधी मला हसू आलं आणि मग मी उठून वही आणली. आमच्याकडचं बोलणं मी लहानपणापासून ऐकलंय, करून राह्यलो, येऊन राह्यली, आणि कॉलेजात गेल्यावर ते जिभेवरून खरवडून काढायला मला दोन वर्षं लागली होती. पण हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, की आमच्या भाषेत माणूस नुसता जात नाही, जाता जाता राहतो. पुण्याच्या मराठीत जहाज ‘जात आहे’. आमच्या मराठीत ते जाऊन राह्यलं, म्हणजे एकाच वेळी निघालेलंही आहे आणि वस्तीलाही आहे. दोनशे पानांत मला जे सांगायचं होतं ते या बाईंनी तांदूळ निवडता निवडता दोन शब्दांत सांगून टाकलं. त्या दिवशी मी कादंबरीला ‘राहून राह्यले’ हे नाव दिलं आणि आधीचं खोडलं. ते आता सांगण्यासारखं नाही, त्यात ‘अनंत’ हा शब्द होता.

बापूजींना, माझ्या वडिलांना, मी हे पत्रानं कळवलं. ते ब्रह्मपुरीला शाळामास्तर होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. छप्पन साली गावच्या बैलगाड्यांबरोबर, मग आगगाडीनं, मग पायी ते नागपूरला पोचले आणि दुसरा माणूस होऊन परत आले. गावात घर तेच, विहीर तीच, शेजारी तेच. फक्त ते निघालेले होते. त्यानंतर वर्षानं मी झाले. लहानपणी ते मला सांगत, “आम्ही चढलो, पोरी. आता मागं वळून बघायचं नाही.” आणि मी विचारायची, “उतरायचं कुठं?” त्यावर ते मला धडा पाठ करायला लावत. मी त्या गाडीतच जन्मलेली. मागचं गाव मी पाहिलेलं नाही, पुढचं स्टेशन दिसत नाही, आणि तरी मला लहानपणी कधी प्रवासात असल्यासारखं वाटलं नाही. घरात असल्यासारखं वाटायचं. चुलीवर भात असायचा, भिंतीवर फोटो असायचा, बापूजी मोठ्यानं वाचत असायचे. बायनाबाईंचं वाक्य वाचून त्यांनी एका पोस्टकार्डावर उत्तर पाठवलं: ‘बाईंचे म्हणणे योग्य वाटते. त्यांना माझा जयभीम सांगणे.’ मी सांगितला. बायनाबाई जराशा लाजल्या आणि म्हणाल्या, “रामराम सांगा मास्तरभाऊले.”

उपू तीन महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा न्यूमोनिया झाला. तिकडे त्याला डब्बा म्हणतात. दवाखान्यात डॉक्टर नवीन होता, माझ्याहून लहान असेल, आणि त्यानं मला ती एक गोष्ट सांगितली जी एखाद्या भित्र्या आईला सांगू नये, किंवा तिलाच सांगावी. “श्वास मोजत जा. पूर्ण मिनिट. पन्नासच्या वर गेले तर वाट बघू नका, उचलून आणा.” झालं. मला आकडा मिळाला. वहीत पुढून कादंबरी चालली होती, मी वही उलटी करून मागच्या बाजूनं श्वास लिहायला लागले. तारीख, वेळ, आकडा. एकोणचाळीस, बेचाळीस, चाळीस. पुढून जहाज येत होतं, मागून उपूचा श्वास, आणि मधली कोरी पानं रोज कमी होत होती. निरोगी असली की ती मिनिटाला चाळीस श्वास घ्यायची. माझं चाक मिनिटाला दोन फेरे घ्यायचं. म्हणजे एका फेऱ्यात वीस. हे लक्षात आलं, आणि मी ते लगेच कादंबरीत घातलं. जहाजातल्या बायांकडे घड्याळ नसतं. खिडकीतून एक तारा जातो आणि अर्ध्या मिनिटानं तोच परत येतो, तेवढ्यात तान्ह्याचे वीस श्वास झाले की सगळं ठीक. वीसला त्या ‘एक घर’ म्हणतात. पंचवीसच्या वर गेले की वैद्याला हाक. बायनाबाई तर विसांनीच मोजायच्या. आंबे, विटा, दिवस, सगळं विसा. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जायचा, वीस झाले की थांबायचा. मी त्यांना माझं घड्याळ दाखवलं, लाल काटा फिरून जागेवर आला की थांबायचं हे शिकवलं, आणि प्रत्येक विसाला खिडकीच्या फळीवर एक चिंचोका ठेवायचा असं ठरलं. “दोन चिंचोके म्हणजे ठीक. दोन आणि वर दहा झाले, की मला सांगायचं.” त्या “हो” म्हणाल्या, पण मी घरात असताना मोजायचे मीच. मग तेच वाक्य, दम मोजू नोका. आणि माझं हसणं.

कापणीच्या दिवसांत मला हिवताप आला. तिकडे तो सगळ्यांना येतो, आपल्यालाही येईल हे मी धरून चालले होते, पण अंगात असा थरकाप शिरेल, दातांवर दात असे वाजतील हे धरलं नव्हतं. हरिदास मोरीच्या कामावर, रस्ता खचलेला, निरोप पोचायला दोन दिवस. बायनाबाई आपलं धान शेतात तसंच टाकून आमच्याकडे राहायला आल्या. मी आतल्या खोलीत, उपू बाहेरच्या खोलीत, मध्ये साडीचा पडदा, कारण माझा ताप तिला लागू नये अशी मला भीती होती. डास पडदा विचारत नाहीत हे माझं विज्ञान तेव्हा विसरलं होतं. गोळ्यांनी कानात शिट्टी वाजत होती. डोळे मिटले की चाक फिरायचं. मी जहाजात होते, कडेवर निजले होते, आणि बाहेर कुणी तरी पाणी ओतत होतं ते तीन बोटं बाजूला पडत होतं. त्यातच पडद्याआडून बायनाबाईंचा आवाज यायचा.

“बाई, पोरीचं पोट उडून राह्यलं.”

“मोजलंत?”

“मोजलं.”

“किती?”

“दोन विसा.”

“मग ठीक आहे.”

“मले ठीक नाई दिसून राह्यलं. नाकपुड्या बी फुगून राह्यल्या तिच्या.”

“बायनाबाई, आकडा ठीक आहे ना? मग झालं.”

मी हे बोलले. मला माझा आवाज आजही ऐकू येतो. त्यात थोडी चीडही होती, जशी वर्गात पुन्हा पुन्हा तेच विचारणाऱ्या मुलीवर बाईंना येते. उशाशी वही होती. वाकड्या अक्षरात मी लिहिलं: ४०. दुपारी पुन्हा, ४०. दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई पडद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, “बाई, दवाखान्यात नेतो का मी?” म्हणाल्या, आणि मी विचारलं, “किती?” त्या म्हणाल्या, “दोन विसा अना वर दोन.” मी लिहिलं: ४२. आणि निजले. जग किती छान बंद, किती व्यवस्थित आहे असं मला वाटलं. सगळं मोजलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घाम फुटला आणि ताप उतरला. कानातली शिट्टी थांबली, म्हणून पहिल्यांदाच मला पडद्यापलीकडचं बारीक आवाजातलं मोजणं ऐकू आलं. बायनाबाई पुटपुटत होत्या, भराभर, श्वास गाठायला धावावं तसं. “...सतरा, अठरा, एकोनीस, लाभ.” आवाज नाही. चिंचोका नाही. मग पुन्हा पहिल्यापासून, “...अठरा, एकोनीस, एक,” टक. “...अठरा, एकोनीस, दोन,” टक. मी पडून ऐकत होते. टक दोनदा. पण पुटपुटणं तीनदा.

“बायनाबाई,” मी हाक मारली, “लाभ म्हणजे काय?”

“पयलं माप,” त्या पडद्यापलीकडून म्हणाल्या. “खळ्यावर धान मोजतेत तवा पयलं माप लाभाचं. थे मोजनीत नाई धरत, थे धरतीचं. धान असं सोडून देतेत, हे तं लेकरू होये. तुमी मोजाले लावलं, मंग म्या पयली वीस सोडून देल्ली. कमी होऊ नाई म्हनून.”

आमच्याकडे शेत नव्हतं. बापूजी मास्तर. मी खळ्यावर कधी उभी राहिले नव्हते. दोन विसा म्हणजे तीन विसा. चाळीस म्हणजे साठ. तीन दिवस साठ.

पडदा मी बाजूला केला की फाडला, ते आठवत नाही. उपूच्या बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. तो बघायला आकडा लागत नव्हता, नुसते डोळे लागत होते, आणि ते बायनाबाईंकडे होते. त्यांनीच तिला उचललं, कारण माझे पाय लटपटत होते. दवाखाना अर्ध्या मैलावर. ऊन चढलेलं, रस्त्यानं धानाच्या बंड्या येत होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, कापलेल्या तणसाचा वास, आणि त्या माझ्या दहा पावलं पुढे, उपूला छातीशी धरून, जवळजवळ पळत. मी मागून धडपडत होते, आणि मागूनच ओरडले. “तुमच्या लाभापायी माझी पोर जाईल, बायनाबाई! अडाणीपणापायी!” गाडीवानानं वळून पाहिलं. बायनाबाईंनी पाहिलं नाही. पाऊलही अडखळलं नाही त्यांचं, तेवढ्याच वेगानं चालत राहिल्या.

उपू वाचली. ऑक्सिजन, इंजेक्शनं, पाच दिवस. डॉक्टर म्हणाला, “वेळेत आणलीत म्हणायचं, थोडक्यात.” तिसऱ्या दिवशी हरिदास एका ट्रकमध्ये बसून आले, दाढी वाढलेली, बुटांना सिमेंट, आणि उपूनं त्यांचं नाक धरलं तेव्हा रडले. बायनाबाई पाचही दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होत्या. मी त्यांना चहा दिला, त्यांनी घेतला. बोलायचं मी उद्यावर ढकललं. आपलीच चूक आहे हे कळलेल्या माणसाला किती कामं सुचतात! सहाव्या दिवशी आम्ही घरी आलो, आणि सातव्या दिवशी त्या आल्या नाहीत. आठव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दाराला कडी, अंगणात कोंबड्याही नाहीत. शेजारीण म्हणाली, “पोरीकडे गेली, मुलचेऱ्याच्या तिकडं. धान इथी झडून गेलं तिचं, मंग काऊन राह्यते?” धान झडून गेलं ते आमच्याकडे राहिल्यामुळे. हे तिनं म्हटलं नाही. त्यानंतर आम्ही अहेरीत दीड वर्ष होतो, आणि बाजारात मी दर शुक्रवारी पाठमोऱ्या बायांचे अंगठे बघत फिरायचे. नीट पत्ता नव्हता. तरी अंदाजानं एक कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, हे मला कार्ड टाकल्यावर आठवलं.

एक वाजता हरिदास जेवायला आले. मी त्यांच्यासमोर पत्र ठेवलं आणि ताट वाढलं. त्यांनी वाचलं, वरणाचा हात पुसून पान १६२ उघडलं, आणि हसायला लागले. “वीस माणसं विदाउट तिकीट जाऊन राह्यली म्हण ना!” मग माझं तोंड पाहून त्यांनी पान मिटलं. त्यांनाही कळलं असावं. त्या दोन चिंचोक्यांची गोष्ट आमच्या घरात फार वेळा सांगितली गेलेली नाही, पण विसरलेलीही नाही. ताट पुढे ओढून म्हणाले, “हे बघ. मोरीवरून दहा टनांचा ट्रक जाणार असला तर आम्ही मोरी वीस टनांची बांधतो. बोर्डावर काय लिहितो? दहा टन. वरचे दहा कुठं जातात?”

“कुठं?”

“कुठंच नाही. तिथंच राहतात. कुणी मोजत नाही, म्हणून तर मोरी उभी राहते.” त्यांनी भात कालवला. “तुझ्या जहाजात सहाशेच माणसांपुरती हवा ठेवली असतीस तर ते कधीच मेले असते. माणूस काय सहाशेच्या सहाशे जन्मतो? लाभ ठेवायलाच पाहिजे.”

“आणि उपू?” मी विचारलं. त्यांनी उपूकडे पाहिलं. ते खरंच, आणि हेही खरं. न मोजलेल्या विसावर जहाज चालतं, आणि न मोजलेल्या विसानं माझी मुलगी जात होती. चूक लाभाची नव्हती. चूक अशी होती, की पडद्याच्या एका बाजूला लेकराला बघणारी बाई होती, दुसऱ्या बाजूला आकडा लिहिणारी, आणि लिहिणारी म्हणाली, आकडा ठीक आहे ना, मग झालं. सहाशे वीस ताटं हातानं का वाढली ते आता मला समजतंय. त्या विसांपैकी एका ताटावर कोण बसलंय तेही.

दुपारी मी पुण्याला उत्तर लिहिलं. क्रियापदं शुद्ध आहेत, शीर्षक तेच राहील. बेरीज वीसने चुकते आहे हे खरं. पण ती दुरुस्त करणार नाही. एक परिच्छेद मात्र वाढवून पाठवते, म्हणजे वाचणाऱ्याला छापणाऱ्याची चूक वाटणार नाही: जहाजातली मोजणारी म्हातारी शिरगणतीला पहिले वीस सोडून देते, आणि हवेचा हिशेब करणाऱ्यांना ते ठाऊक असतं, कारण त्यांनी तिला विचारलेलं असतं. एवढंच. विचारलेलं असतं. पाकीट डकवलं आणि मला फार बरं वाटलं, खूप दिवसांनी माळा झाडून काढावा तसं. उपू आता चार वर्षांची आहे. खोकला झाला तर मी अजून तिचा श्वास मोजते, सगळेच्या सगळे, पहिल्यापासून. पण आधी दिवा लावून तिच्या बरगड्या बघते, आणि मग घड्याळ. आत्ता ती न्हाणीच्या दारात बसून तांब्या तिरका धरतेय आणि पाणी तीन बोटं बाजूला पाडतेय. “जहाजातलं पाणी,” मला सांगतेय. परकर ओला, केसांत कोळशाची भुकटी, आणि उन्हाचा एक पट्टा तिच्या पाठीवरून हळूहळू सरकतोय. आम्ही कुठं चाललो आहोत मला माहीत नाही. राहून मात्र राह्यलो, आणि बरे राह्यलो.

हे कुणाच्या हाती पडेल ते मला ठाऊक नाही. पण तुमच्यापैकी कुणी अहेरीहून मुलचेऱ्याकडे जाणार असेल, तर एवढं करा. वाटेत बंगाली लोकांची गावं लागतील, त्यांच्या पुढे रस्त्यावर दोन मोऱ्या आहेत, माझ्या नवऱ्यानं बांधलेल्या. दुसरी ओलांडली की डाव्या हाताला वस्ती आहे, त्यांच्या पोरीचं घर तिथंच असावं असा माझा अंदाज; तिथं बायनाबाई म्हणून विचारा. उजव्या अंगठ्याला विळ्याची खूण आहे. त्यांना सांगा, तांब्या फळीवर आहे, पोर त्यानंच खेळते. सांगा, की उपूची आई इंदू म्हणाली, तुमचे डोळे बरोबर होते. वय विचारू नका, वर्षं किती झाली तेही नको. ओसरीवर बसल्या असतील तर दोन घटका त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचा दम कसा चाललाय ते बघा. बघा फक्त. मोजू नका.